टिंबानंतरचे इंच

अगं, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा भुरभुर सुरू झाली होती आणि मी गच्चीवरचे कपडे गोळा करत होते. "ताई, आपल्या भागासाठी कृष्णेच्या पातळीचं पान करतेय. त्यावर बोट लावलं की आकडा सांगणारा ग्राफ हवाय. कुठली लायब्ररी घेऊ?" असं तू विचारलंस. मी घाईघाईत "चार्ट-जेएस घे" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. तुला जे सांगायला हवं होतं ते एका नावात मावणारं नव्हतं. म्हणून आज सकाळची कामं उरकून लिहायला बसलेय. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

एक गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही. घरात ती फक्त आईला माहीत आहे.

२०२१ चा जुलै आठवतो ना? तू तेव्हा पुण्यात होतीस आणि दर तासाला फोन करत होतीस. वर कोयनेच्या, वारणेच्या खोऱ्यात पाऊस कोसळत होता आणि इथे मिरजेत आभाळ नुसतं काळं होऊन बसलं होतं. २०१९ च्या ऑगस्टची भीती कुणाच्याच मनातून गेली नव्हती. तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्याआधी २००५ ला ५३ फूट ओलांडले, तेव्हा जुनी माणसं म्हणाली होती की यापुढे काही नदी जात नाही. १४ वर्षांत ती गेली. म्हणून २०२१ ला पाणी चढायला लागल्यावर मी आपल्या गल्लीसाठी आणि कृष्णा घाटाकडच्या ओळखीच्या घरांसाठी एक छोटं पान केलं. एक मोठा आकडा, त्याखाली रेघेचा ग्राफ, ४० फुटांवर इशाऱ्याची पिवळी रेघ, ४५ वर धोक्याची लाल रेघ. लोकांना फार आवडलं. वर्तमानपत्रात उद्या येणारी गोष्ट हातातल्या फोनवर आत्ता दिसत होती.

आकडे मी प्रशासनाच्या पत्रकातून घेत होते. तू पण तिथूनच घेणार आहेस, म्हणून हे नीट वाच. त्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, आयर्विन, अंकली, म्हैसाळ बंधारा अशी एकाखाली एक नावं असतात आणि पुढे आकडे. वर लिहिलेलं असतं, 'पाणी पातळी फूट इंचामध्ये'. आकडा मात्र असतो ४५.६. आपण शाळेत दशांश अपूर्णांक शिकलेलो, त्यामुळे डोळा त्याला पंचेचाळीस पूर्णांक सहा दशांश असंच वाचतो. मी तो आकडा जसाच्या तसा शीटमध्ये टाकत होते. ४५.६, मग ४५.७, ४५.८, ४५.९. रेघ चढत होती. त्यानंतरच्या पत्रकात आलं ४५.१०.

कळलं तुला? पत्रकातलं ४५.१० म्हणजे ४५ फूट १० इंच. माझ्या शीटच्या लेखी ते ४५.१. पाणी एक इंच वर गेलं होतं आणि माझी रेघ जवळजवळ दहा इंच खाली आली. त्यापुढचा आकडा ४५.११, तोही खालीच. रात्रीची वेळ, तीन दिवसांचं जागरण, आणि मी त्या रेघेकडे बघून अक्षरशः देवाला हात जोडले. ग्रुपवर लिहिलं, 'पाणी उतरायला लागलं.'

घाटाकडच्या काकांनी तोवर धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेतले होते. माझा निरोप वाचून ते थांबले. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "पोरी, तुझ्या फोनात पाणी उतरतंय आणि माझ्या पायरीवर चढतंय. कुठलं खरं धरू?"

माणसं सगळी सुखरूप बाहेर पडली. गव्हाची दोन पोती भिजली आणि काकूंच्या शिलाई मशीनची मोटर गेली. काकू मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण त्या रात्री मी पान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी कागदावर पेन्सिलीने सगळे आकडे पुन्हा मांडून बघितले. चूक लायब्ररीची नव्हती, पत्रकाचीही नव्हती. टिंबाच्या पुढे काय आहे हे मी विचारलं नव्हतं.

तर पहिलं काम हे कर. शीटमध्ये फूट आणि इंच असे दोन वेगळे रकाने ठेव. इंचाच्या रकान्यात ० ते ११ याखेरीज काही टाकताच येऊ नये अशी अट घाल. शीटमध्ये ती सोय आहे, दोन मिनिटांचं काम. तिसऱ्या रकान्यात सूत्र: इंच भागिले १२, त्यात फूट मिळव. म्हणजे ४५ फूट ९ इंचाचे होतात ४५.७५ आणि १० इंचाचे ४५.८३. ग्राफला हा तिसरा रकाना दे. पण वाचणाऱ्याला ४५.८३ दाखवू नकोस. त्याला पुन्हा '४५ फूट १० इंच' असंच दिसलं पाहिजे, कारण घाटावरचा माणूस फूट आणि इंचच बोलतो. बोट लावल्यावर जी छोटी चौकट उघडते, तिच्यातला मजकूर आपल्याला हवा तसा घडवता येतो. तिथे परत फूट-इंच कर.

तारखेचंही असंच आहे, आणि आपल्याकडे तर ते जास्त जीवघेणं. आपला पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे सातव्या आणि आठव्या महिन्यात. तू शीटमध्ये ०७/०८/२०१९ लिहिलंस तर तुझ्या मनात ती ७ ऑगस्ट असते. ब्राउझर ती अमेरिकी पद्धतीने वाचतो, महिना आधी. त्याची होते ८ जुलै. पुराचा सगळा आठवडा वेगवेगळ्या महिन्यांत विखुरतो आणि कुठेही लाल अक्षरात चूक म्हणून येत नाही. १३ तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे गोंधळ निदान दिसतो तरी. पहिले बारा दिवस तो लपून राहतो. म्हणून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग वेळ, असंच लिहायची सवय लाव. वाचणाऱ्याला मात्र '७ ऑगस्ट, सकाळी ८' असंच दाखव.

आणि सगळ्या पुलांच्या रेघा एकाच ग्राफवर टाकायचा मोह आवर. मला माहीत आहे, तुला ते रंगीत चित्र डोळ्यांपुढे दिसतंय. पण प्रत्येक पुलाची पट्टी वेगळी, तिचा शून्य वेगळ्या उंचीवर. आयर्विनचे ४५ फूट आणि अंकलीचे ४५ फूट म्हणजे एकसारखं संकट नव्हे. त्यात केंद्रीय जल आयोग आपल्या समोरच्या अर्जुनवाडची आणि खालच्या कुरुंदवाडची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो. ते आकडे पाचशेच्या घरातले. हे सगळं एका अक्षावर घातलंस तर आयर्विनची रेघ तळाशी चिकटून सपाट होईल आणि बघणाऱ्याला वाटेल, नदी शांत आहे. प्रत्येक पुलाला त्याचा छोटा ग्राफ दे आणि त्यात त्याचीच धोक्याची रेघ. वरून खाली, नदी वाहते त्या क्रमाने लाव: कराड, बहे, ताकारी, भिलवडी, सांगली, अंकली, म्हैसाळ. मग आपल्या आजीलाही कळेल की भिलवडीला चढलेलं पाणी आता आपल्याकडे येणार.

आता लायब्ररीचं, कारण तू विचारलंस तेच होतं. त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. चार्ट-जेएस फुकट आहे, हलकी आहे, आणि तुझ्यासारखीला दोन संध्याकाळींत जमते. डी-३ मध्ये हवं ते चित्र काढता येतं, पण ते शिकायला चिकाटी लागते. तुझ्या पानाला त्याची गरज नाही. गूगल शीटमधला ग्राफ सरळ प्रकाशित करून त्याची चौकट पानावर बसवणं हाही मार्ग आहे, आणि गावातल्या पोरांना पुढे सांभाळायला तोच सोपा. तू कायम थोडीच तिथे बसणार आहेस? हायचार्ट्स सुंदर आहे. व्यवसायासाठी वापरलीस तर पैसे मोजावे लागतात, तेवढं बघ. पण तिचा जन्म कसा झाला ते तुला सांगायलाच हवं. नॉर्वेतल्या विक नावाच्या छोट्या गावचा टॉर्स्टाइन हेन्सी. जवळच्या डोंगरावर बर्फ किती साचलंय हे त्याला घरच्या पानावर दाखवायचं होतं, त्यासाठी सोपं साधन मिळेना, म्हणून त्याने स्वतःच बनवलं. २००९ ची गोष्ट. पुढे ते जगभर पोचलं. मी हे वाचलं तेव्हा मला आपला घाट आठवला. त्याच्या डोंगरावर बर्फ साचतं, आपल्या पायऱ्यांवर पाणी चढतं. घरच्या माणसांना ते किती आहे हे कळावं एवढीच दोघांची गरज.

लायब्ररी कुठलीही घे, आडव्या अक्षाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. एरवी पातळी दिवसातून एकदा, सकाळी, नोंदवलेली मिळते. पाणी चढायला लागलं की नोंदी तासा-दोन तासांनी येतात. चार्ट-जेएसला तू साधी लेबलं दिलीस तर ती प्रत्येक नोंद सारख्याच अंतरावर मांडते. कालची सकाळ आणि आजची सकाळ यांत जेवढी जागा, तेवढीच आज नऊ आणि दहामध्ये. मग दिवसभरात दोन फूट चढलेलं पाणी आणि दोन तासांत दोन फूट चढलेलं पाणी यांची चढण जवळपास सारखी दिसते. अगं, पुरात माणूस ग्राफकडे बघतो ते चढणीसाठी. 'किती आहे' हे आकडा सांगतो. 'मला किती वेळ आहे' हे फक्त चढण सांगते. ती खोटी असली तर बाकी सगळं बरोबर असून काही उपयोग नाही. म्हणून आडव्या अक्षाचा प्रकार 'टाइम' असा ठेव. त्यासाठी तारखेचा एक वेगळा ॲडॉप्टर जोडावा लागतो. तो जोडल्याशिवाय ग्राफ उमटत नाही आणि लोक कंटाळून परत साध्या लेबलांकडे वळतात. तू वळू नकोस.

रेघेला गोलाई देऊ नकोस. 'टेन्शन' नावाची एक सोय असते, ती वाढवली की रेघ लाटेसारखी देखणी होते. पण ती लाट दोन बिंदूंच्या मधे, पाणी कधी पोचलंच नव्हतं तिथे जाऊन येते. समज, पाणी ४४ फूट १० इंचांवर थांबलं आणि उतरलं. गोल रेघ मधे ४५ ला स्पर्श करून येऊ शकते. लाल रेघेला टेकलेली ती लाट बघून कुणी रात्री तान्ह्या लेकराला घेऊन घर सोडेल. सरळ रेघा ठेव. कोपरे दिसले तर दिसू देत.

आणि ज्या तासाची नोंद मिळाली नाही तिथे शून्य लिहू नकोस. शून्य म्हणजे नदी कोरडी पडली. ती जागा रिकामी सोड. रेघ तिथे तुटते आणि पुढे पुन्हा सुरू होते. तुटलेली रेघ बघून माणूस विचारतो, "मधलं काय झालं?" त्याला ते विचारता आलं पाहिजे. २०१९ ला कित्येक तास वीज नव्हती, फोन लागत नव्हते, नोंदी कुठून येणार? ती फट जोडून गुळगुळीत केलीस तर त्या तासांबद्दल तू ठाऊक नसलेलं काहीतरी ठामपणे सांगितलंस असं होतं.

आपल्या सतारमेकरांकडे लहानपणी आपण तासन्‌तास बसायचो ते आठव. गिऱ्हाईक आलं की आधी भोपळ्यावरची नक्षी बघायचं, पॉलिशवर हात फिरवायचं. कारागीर काही बोलायचा नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तो परत घोडीवर वाकून जवारी काढत बसायचा, कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या कानाला आणि कानशीला मिळालं असं मी मानते. फूट-इंच, तारीख, वेळेचा अक्ष, रिकाम्या जागा ही तुझ्या ग्राफची जवारी आहे. रंग आणि हालचाल नंतर बघ.

तरी हालचालीबद्दल बोलते, कारण तुला ती हवी आहे आणि ती वाईट नाही. फक्त ती कुणाच्या हातात जाणार ते डोळ्यांपुढे ठेव. तू हे मोठ्या पडद्यावर माउस फिरवत बनवशील. बघणारा असेल घाटावर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तडा गेलेला फोन, पडद्यावर पावसाचे थेंब, नेटवर्कची एक काडी. माउस वर नेला की आकडा उमटतो ती सोय त्याला नाही. त्याचं बोट जाडं आहे, ओलं आहे. म्हणून प्रत्येक बिंदूवर नेमकं बोट टेकवायला लावू नकोस. ग्राफवर कुठेही स्पर्श केला की सगळ्यांत जवळच्या वेळेचा आकडा यावा अशी मांडणी कर, ती एका ओळीत होते. झूमची सोय जोडलेली असली आणि पान खाली सरकवताना बोट ग्राफवर पडलं, तर ग्राफ मोठा-लहान होऊ लागतो आणि माणूस तिथेच अडकतो. ती सोय सरळ बंद कर.

ग्राफ उमटायच्या आधी साधा आकडा दिसला पाहिजे, हे मी तुला हात जोडून सांगते. पानाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत: 'आयर्विन पूल, ४३ फूट २ इंच, दुपारी ३ वाजता, मागच्या तासात ४ इंच वाढ.' हा नुसता मजकूर. लायब्ररी उतरायला वेळ लागला, उतरलीच नाही, तरी हे दिसतंच. शिवाय ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून वाचून घेतो, त्याला चार्ट-जेएसचं चित्र म्हणजे कोरी पाटी असते. त्याच्यासाठी खाली सगळ्या नोंदींचा साधा तक्ता ठेव. इशारा आणि धोका नुसत्या रंगाने दाखवू नकोस. लाल-हिरवं वेगळं न दिसणारी माणसं आपल्याच गल्लीत आहेत. रेघेवर शब्द लिही: 'धोका ४५ फूट'. आकडे देवनागरीत हवे असतील तर एकेक अंक बदलत बसायची गरज नाही. आकडा लिहिताना भाषेचा कोड 'एमआर-आयएन' दिलास की ब्राउझर अंकही देवनागरी देतो आणि स्वल्पविरामही लाख-कोटींच्या जागी टाकतो. आणि अक्षरं तिरपी करू नकोस. तिरप्या देवनागरीत वेलांट्या एकमेकींत अडकतात.

दोन गोष्टी हलत्या ग्राफने खरंच साधतात. एक, जुने पूर. '२००५', '२०१९', '२०२१' अशी तीन मोठी बटणं दे. दाबलं की त्या वर्षीची रेघ फिक्या रंगात मागे उमटावी, तारखेला तारीख जुळवून. आपल्याकडे प्रत्येक घरात भिंतीवर खूण आहे, 'एकोणीसला इथपर्यंत'. माणूस आजच्या पाण्याची तुलना फुटांशी करत नाही, त्या खुणेशी करतो. दुसरी गोष्ट, धरणं. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण विसर्ग सांगतात क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, आणि या दोन्हींचा मेळ कुणालाच लागत नाही. तो तू घालून दे. साधारण साडेअकरा हजार क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की १ टीएमसी होतो. विसर्गाचा आकडा लिहायला एक चौकट दे, खाली उत्तर येऊ दे: 'या वेगाने दिवसाला इतके टीएमसी'. त्यापुढे जाऊन 'सांगलीला इतके फूट वाढेल' असं मात्र कधीही लिहू नकोस. ते गणित वारणेवर, मधल्या पावसावर, नदीच्या पात्रावर अवलंबून आहे आणि ते करायला बसलेली जाणती माणसं वेगळी आहेत.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचंही इथेच सांगते, कारण तुला कुणीतरी आग्रह करणारच. डाव्या बाजूला आयर्विनची पातळी फुटांत, उजव्या बाजूला अलमट्टीची मीटरमध्ये, आणि दोन रेघा एकमेकींवर. असा दोन अक्षांचा ग्राफ हवं ते सिद्ध करतो. उजवा अक्ष थोडा ताणला की दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या चालतात, थोडा आवळला की एकमेकींना ओळखही देत नाहीत. आकडे तेच, नदी तीच. अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद दोन राज्यांचा आहे, त्यात पोटतिडीक आहे आणि ती खरी आहे. म्हणूनच त्या वादात तुझ्या पानाने अक्ष ताणून भर घालू नये. दोन वेगळे ग्राफ, एकाखाली एक, आडवा अक्ष सारखा. बघणाऱ्याला काय दिसायचं ते दिसेल.

मोठे आकडे समजावायला आपल्याच जंक्शनवरची एक गोष्ट वापर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या फेरीला १० वॅगन, ५ लाख लिटर. नंतर ५० वॅगनची गाडी, २५ लाख लिटर. आपण सगळे स्टेशनवर बघायला गेलो होतो, आठवतं? ती लांबच लांब गाडी डोळ्यांत मावत नव्हती. आता १ टीएमसी म्हणजे तशा ५० वॅगनच्या ११ हजारांहून जास्त गाड्या. ही दोन्ही एका दांड्यांच्या ग्राफवर काढून बघ, गाडीची दांडी दिसणारच नाही. दिसावी म्हणून लोक उभा अक्ष मधूनच सुरू करतात. दांड्यांच्या ग्राफमध्ये ते चालत नाही. दांडीची लांबी हाच आकडा असतो, तिचा पाया शून्यावरच हवा. नदीच्या पातळीच्या रेघेला ही अट नाही. तिथे ३० फुटांपासून सुरू केलंस तर मी काही म्हणणार नाही. गाडी आणि टीएमसीची तुलना शब्दांतच लिही. काही गोष्टी वाक्यातच नीट सांगता येतात.

अजून एक, आणि हे मी काकांच्या त्या फोननंतर शिकले. तुझं पान लोक पानावर बघणार नाहीत. एकजण बघेल, त्याचा स्क्रीनशॉट काढेल आणि तो शंभर ग्रुपांवर जाईल. पानाच्या वर लिहिलेली तारीख त्या चित्रात नसेल. २०२१ मध्ये २०१९ ची चित्रं फिरत होती आणि माणसं सामान बांधत होती. म्हणून तारीख, वेळ, पुलाचं नाव आणि आकडा कुठून घेतला ते, हे चारही ग्राफच्या चौकटीच्या आत लिही, रेघेच्या जवळ, म्हणजे कुणाला ते कापून टाकता येणार नाही. 'चित्र घ्या' असं एक बटणही दे. चार्ट-जेएसमध्ये ती सोय तयारच आहे. लोक पाठवणारच आहेत, तर नीट चित्र पाठवू देत.

फ्लोरेन्स नाइटिंगेलचा फोटो आपण मिशन हॉस्पिटलच्या गावात वाढल्यामुळे लहानपणापासून बघितला, हातात दिवा घेतलेला. तिने १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे आलेख काढले हे मला फार उशिरा कळलं. जखमांपेक्षा रोगराईने जास्त जवान गेले, हे तिने पाकळ्यांच्या आकारात दाखवलं, कारण रकाने कुणी वाचत नव्हतं. पण ती पाकळी काढण्यासाठी तिला आधी दवाखान्यांच्या विस्कळीत नोंदी निस्तराव्या लागल्या होत्या. तुझ्या पिढीला लायब्ररी आयती मिळते, चांगलं आहे. नोंदी निस्तरायचं काम मात्र अजून हातानेच करावं लागतं.

तुझं हे काम मला मनापासून आवडलंय, तेवढंही सांगते. आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे आणि त्याच्यावरचा आकडा बघायला लोक पावसात पुलावर चालत जायचे. आता ते तुझ्या पानावर येतील. पहिल्या पावसाच्या आधी घाटाकडच्या काकांना पान दाखव. त्यांच्याच फोनवर, उन्हात उभं राहून, आणि स्वतः काही समजावून न सांगता. ते कुठे अडखळतात ते लिहून घे. मी त्यांना कळवून ठेवलंय, ते थांबतील.

पान तयार झालं की लिंक आधी मला पाठव. मी पहिल्यांदा त्यात ४५ फूट ९ इंच टाकणार आहे, आणि त्यानंतर ४५ फूट १० इंच.